कबूतरबाजाची साक्ष

लफ्ताकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या सदऱ्यातून घुमण्याचा आवाज आला तेव्हा. चौथीचा वर्ग होता आणि मी फळ्यावर तैग्रिस नदी काढत होतो. नदी बगदाद ओलांडून खाली निघाली होती, इतक्यात पाठीमागून आवाज आला. वळून पाहिलं, तर तिसऱ्या बाकावरचा एक मोठ्या कानांचा पोरगा दोन्ही हात छातीशी धरून फळ्याकडे टक लावून बसला होता. एवढं लक्ष त्या वर्गात माझ्याकडे कधीच कुणी दिलं नव्हतं.

"लफ्ता, सदऱ्यात काय आहे?"

"काही नाही, उस्ताद."

"मग घुमतंय कोण?"

"पोट, उस्ताद. सकाळी पावटे खाल्लेत."

वर्ग हसला. मी म्हटलं, "घे शपथ." त्यानं हजरत अब्बासची शपथ घेतली, आणि ती पुरी व्हायच्या आत गळपट्टीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो त्याच्याच बाकावरचा नाजी. "उस्ताद, आता याची साक्ष काझीसुद्धा घेणार नाही!"

काझी कबूतरबाजाची साक्ष घेत नाही, हे आमच्या गल्लीत नऊ वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. कारणं दोन सांगतात. एक म्हणजे, दुसऱ्याचं वाट चुकलेलं कबूतर आपल्या गच्चीवर उतरलं की कबूतरबाज ते धरून ठेवतो, आणि मालक विचारायला आला की छातीवर हात ठेवून 'पाहिलंच नाही' म्हणतो. तो त्यांचा खेळच आहे; उद्या मालकही तेच करणार असतो. दुसरं कारण लोक आवाज उतरवून सांगतात. उन्हाळ्यात सगळं बगदाद गच्चीवर झोपतं, बायकामुलांसकट. त्या वेळी गच्चीवर उभा राहून चारी दिशांना पाहणारा माणूस एकच. ज्याच्या नजरेचा भरवसा नाही, त्याच्या जिभेचा कसा धरायचा?

लफ्ता मोठा झाला आणि रॉकेलचे स्टो दुरुस्त करू लागला. हात चांगला होता. दोनदा त्याची सोयरीक जमत आली आणि दोन्हीदा मुलीच्या बापानं एवढंच विचारलं, "पाखरं उडवतो का?" त्याची बहीण नसीमा नदीच्या खालच्या अंगाला कूत गावी दिलेली, ती आली की रडायची, "सोड रे ती पाखरं. घरात बाई येईल." लफ्ता म्हणायचा, "बाई येईल गं, पण संध्याकाळी करू काय?"

कबुतरांपलीकडे तो कुणाशी खोटं बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. गच्चीवर जाण्याची त्याची स्वतःची शिस्त होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून तो लांब शीळ घालायचा, मग दहा-बारा श्वास थांबायचा. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका चादरी ओढून घ्यायच्या, कुणी शिवी द्यायची, मग तो वर यायचा. तरी वर्षाकाठी एखादं भांडण व्हायचंच. काळं फडकं बांधलेली लांब काठी फिरवून तो थवा उडता ठेवायचा, आणि खालून नाजी ओरडायचा, "ए कबूतरबाज्या, फडकं कसलं हलवतोस? तुझ्याकडे बघणारी कुणी नाही!"

"तुझ्या घरात आहे ती तरी तुझ्याकडे कुठे बघते, लेका!"

नाजी समोरच्या घरात राहायचा, त्याची गच्ची लफ्ताच्या गच्चीहून हातभर खाली. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. तोंडानं फाटका, कामाला पक्का. बायको सुआद अबोल, जाड अंगाची, उन्हाळा तिला सोसायचा नाही. हे दोघे मित्र होते असं ते स्वतः कधी म्हणाले नसते, पण लफ्ताच्या आईची तिरडी नाजीनं उचलली होती आणि नाजीच्या मुलाच्या सुंतेला लफ्तानं दोन गिरेबाज कबुतरं दिली होती. ती दुसऱ्याच दिवशी उडून लफ्ताकडे परत आली, हा भाग वेगळा.

परकी फौज शहरात येऊन दोन उन्हाळे झाले होते. वीज दिवसातून तास-दोन तास यायची. अशा एका पहाटे, अजान होऊन थोडा वेळ गेला असेल, पुलाच्या रस्त्यावर स्फोट झाला आणि त्यांची एक गाडी उडाली. दिवस वर येईपर्यंत आमच्या गल्लीची दोन्ही तोंडं बंद झाली. ते सरळ नाजीच्या घरी गेले. कुणीतरी त्यांना खबर दिली होती की वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा नाजी अजानच्या वेळी पुलाजवळ डबा ठेवताना दिसला. खबर देणारा कोण, हे आजवर कळलेलं नाही. बक्षिसाची पत्रकं गल्लोगल्ली चिकटवलेली होती, तेव्हा कोणीही असेल. नाजीच्या दुकानात तुपाचा रिकामा डबा होता आणि त्यात जुन्या मशीनचे टायमर भरलेले होते. असेच टायमर बॉम्बलाही लावतात. तो डबा पाहून त्यांचा अधिकारी हसला म्हणतात. नाजीच्या डोक्यावर पिशवी घातली आणि घेऊन गेले.

असे नेलेले लोक महिनोन्महिने परत येत नसत. काही आलेच नाहीत.

दुपारी चहाच्या दुकानात गल्लीचा मुख्तार अबू निझार बसला होता. सरकारदरबारी गल्लीच्या वतीनं बोलायचं काम त्याचं. लफ्ता त्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

"अबू निझार, नाजी पुलाजवळ नव्हता. तो गच्चीवर होता. अजानच्या आधीपासून स्फोट होईपर्यंत. मी पाहिलाय."

डॉमिनो खेळणारे थांबले. अबू निझारनं चहाचा पेला खाली ठेवला. "काय पाहिलंस?"

"नाजी गच्चीवर होता."

"एकटा?"

उन्हाळ्याच्या पहाटे कोणता लग्नाचा माणूस गच्चीवर एकटा असतो?

"म्हणजे तू त्याची गच्ची बघत होतास," अबू निझार म्हणाला. "शाबास. हे मी परक्यांना जाऊन सांगू? की आमच्या गल्लीतला एक कबूतरबाज लोकांच्या बायका झोपलेल्या बघतो, त्याच्या शब्दावर माणूस सोडा? अरे, ते राहू दे, माझाच विश्वास बसत नाही तुझ्यावर. माझा लाल तुरेवाला गेल्या वर्षी कुणाकडे उतरला होता?"

"तो मी देतो परत."

"म्हणजे होता ना तुझ्याकडे!" अबू निझारनं मांडीवर थाप मारली आणि सगळं दुकान हसलं. "शपथ खाल्ली होतीस, गाढवा!"

तो तिथून माझ्याकडे आला. मी अंगणात लिंबाला पाणी घालत होतो. झालं ते सगळं त्यानं सांगितलं. मग, जे मुख्तारला सांगितलं नव्हतं तेही. त्या पहाटे नाजी जागा होता. सुआदला उकाड्यानं झोप नव्हती, म्हणून तो तिच्या उशाशी बसून खजुरीच्या पात्यांच्या पंख्यानं तिला वारा घालत होता. लफ्ताचं एक पाखरू नाजीच्या कठड्यावर जाऊन बसत होतं. त्याला हुसकायला मान वळवली की दर वेळी हा वारा घालताना दिसायचा. स्फोट झाला तेव्हा नाजीचा पंख्याचा हात तसाच वर राहिला होता.

"उस्ताद, तो हे स्वतः सांगणार नाही," लफ्ता म्हणाला. "परक्या माणसासमोर बायकोचं नाव काढायचा नाही तो. आणि वारा घालत होतो म्हणून तर मरेल तरी सांगणार नाही. मग सोडवणार कसा त्याला?"

"तू जाऊ नकोस," मी म्हटलं. "त्यांच्या फाटकाशी जो जातो, त्याच्याकडे गल्ली बघत असते."

"मग तो सडेल तिथे."

"वकील बघू. चार वडीलधारी माणसं जमवू."

"चार माणसांनी काय पाहिलंय? पाहिलंय मी." हे त्यानं अगदी साधेपणानं म्हटलं. जाताना त्यानं विचारलं, "उस्ताद, त्यांना माहीत असेल का हो? आमची साक्ष चालत नाही ते?"

त्यांना माहीत नव्हतं. पुढचं मला लफ्तानं नंतर सांगितलं, आणि तो मला खोटं सांगेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या तळावर गेला. उन्हात उभं केलं, झडती घेतली, मग एका गार खोलीत नेऊन थंड सरबताचा डबा हातात दिला. एक तरुण, लाल चेहऱ्याचा अधिकारी, आणि तोंडाला फडकं बांधलेला दुभाषा. नदीपलीकडचा असावा, बोलीवरून. अधिकाऱ्यानं नाजीचा जबाब काढून पाहिला. नाजीनं सांगितलं होतं: गच्चीवर होतो, झोपलो होतो, एकटाच होतो.

"तू म्हणतोस जागा होता, बायको होती. दोघांतला एक खोटं बोलतोय," दुभाषा म्हणाला.

"तो खोटं बोलतोय," लफ्ता म्हणाला. "इमानदार माणूस आहे म्हणून."

हे वाक्य दुभाष्यानं भाषांतर करून सांगितलं की नाही, देव जाणे. अधिकाऱ्यानं विचारलं, बाई कोणत्या कुशीवर होती? चादर कसल्या रंगाची? केस बांधलेले होते की मोकळे? लफ्तानं सरबताचा डबा खाली ठेवला. तो म्हणाला, हे विचारू नका. अधिकारी म्हणाला, खूण पटल्याशिवाय माणूस कसा सोडायचा? शेवटी लफ्ता जमिनीकडे पाहत बोलला. ओली केलेली निळी चादर. भिंतीकडे तोंड. केस मोकळे. दुभाषा फडक्याआड हसला.

मग दुभाषा नाजीकडे गेला आणि हे सगळं एकेक करून त्याला विचारलं. निळी चादर खरी? वारा घालत होतास खरं? नाजीनं मान हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडून दिलं.

परकी फौज ज्याला नेते तो तिसऱ्या दिवशी परत येतो, असं आमच्या गल्लीत कधी झालं नव्हतं. बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या केल्या, त्याच्यावर टॉफ्या उधळल्या. सुआद दारात उभी होती. नाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या गच्चीकडेही नाही. तो आत गेला आणि त्या रात्रीपासून ते कुटुंब खालीच झोपू लागलं, त्या उकाड्यात, दारं लावून.

संध्याकाळी लोक यायला लागले आणि सगळे एकच विचारू लागले. "कसा रे सुटलास?"

"सोडलं."

"असंच? अबू हाझिमचा मुलगा आठ महिने आत आहे. तुला असंच?"

आणखीही काहीजण विचारत होते. तोंडं झाकून फिरणाऱ्या तरुणांची टोळी तेव्हा आमच्या भागावर राज्य करत होती. परक्यांशी लढतो म्हणायचे. लवकर सुटलेला माणूस काही कबूल करून सुटला असणार, असा त्यांचा हिशोब होता. त्या हिशोबात गेलेली दोन माणसं कालव्यात सापडली होती. त्यांनी नाजीला शुक्रवारपर्यंत विचार करायला सांगितलं.

बुधवारी गल्लीत बातमी फुटली की लफ्ता तळावर गेला होता. मग काय! ज्या माणसाच्या शब्दाला गल्लीत खजुराच्या बीइतकी किंमत नाही, त्याच्या शब्दावर परक्यांनी माणूस सोडला? याचा अर्थ एकच. चहाच्या दुकानात तो अर्थ वाढत गेला.

"पाखरांच्या पायात कड्या आहेत बघा. त्यात यंत्र असतं."

"खुराड्याला दर महिन्याला चुना का लावतो? वरून दिसावं म्हणून."

"आणि ते काळं फडकं? तो फडकं फिरवतो आणि हेलिकॉप्टर येतं. मी मोजून पाहिलंय."

मी म्हटलं, "अरे, हेलिकॉप्टर रोजच येतं. आणि फडकं तो परके यायच्या वीस वर्षं आधीपासून फिरवतोय."

"तेच तर, उस्ताद!" अबू निझार म्हणाला. "वीस वर्षं आधीपासून तयारी!"

मी नाजीकडे गेलो. तो दुकानात बसला होता, समोर उघडं मशीन, हातात काही नाही. म्हटलं, "नाजी, तू दोन शब्द बोल. खरं काय ते तुला माहीत आहे."

त्यानं मशीनचं झाकण लावलं. मग म्हणाला, "काय बोलू, उस्ताद? माझी बायको मोकळ्या केसांनी झोपलेली त्यानं पाहिली, परक्यांना चादरीच्या रंगासकट सांगितली आणि म्हणून मी सुटलो, असं बोलू? त्या दुभाष्यानं मला विचारलं, 'राजा, किती वेळ वारा घालतोस रोज?' हे बोलू दुकानात?"

"त्यानं तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठीच करायचं होतं तर मरू द्यायचं होतं मला," नाजी म्हणाला. मग आवाज खाली आणून, "शुक्रवारी ते येणार आहेत. त्यांना काहीतरी सांगावं लागणार. एक सांगितलं तर माझी अब्रू जाते, दुसरं सांगितलं तर…" त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

मी लफ्ताला म्हटलं, कूतला बहिणीकडे जा, आजच. तो म्हणाला, पिल्लं अंडी फोडून नुकतीच बाहेर आलीत, आठवड्यानं जातो.

शुक्रवारी नमाजनंतर ते आले. तोंडं झाकलेली होती, पण दोघांना मी चालीवरून ओळखलं. एकाचा डावा पाय पहिलीपासून आत वळतो. नाजी त्यांच्यासोबत होता. ते लफ्ताच्या गच्चीवर चढले आणि थोड्याच वेळात आजूबाजूच्या साऱ्या गच्च्या भरल्या. बायकामाणसं, पोरं, कठड्याला टेकून. आयुष्यभर ज्यानं आपल्याकडे पाहू नये म्हणून भांडले, त्याच्याकडे सगळे पाहत होते. मीही माझ्या गच्चीवर होतो.

थवा वर उडत होता. म्होरक्यानं सांगितलं, "बोलाव खाली."

लफ्तानं शीळ घातली. पाखरं उतरली, एकेक करून, त्याच्या खांद्यावर, हातावर. मग म्होरक्यानं सांगितलं, "आता तूच."

त्यानं एकेकाची मान मुरगळली. कुठलं पाखरू धडपडलं नाही, हात ओळखीचा होता. गच्चीवर पांढऱ्याकरड्या पिसांचा ढीग झाला. कुणीतरी मुलगी रडायला लागली, तिला आईनं आत नेलं.

"आता सांग, तळावर काय बोललास? त्यांनी तुझं का ऐकलं?"

मी त्याच्याकडे पाहत होतो. नाजीही पाहत होता, पांढराफटक पडून. लफ्ता दोन वाक्यं बोलला असता तर त्याच्या मानेवरचा हेरगिरीचा ठपका तिथंच गेला असता, आणि त्याबरोबर नाजीच्या घरची अब्रूही, सगळ्या गल्लीसमोर. समोरच्या घराच्या बंद खिडकीआड सुआद होती.

"काही बोललो नाही," लफ्ता म्हणाला. "मी तळावर गेलोच नाही."

गच्च्यांवर हशा पिकला. अबू निझार म्हणाला, "बघा, अजून खोटं!"

खुराड्यापाशी चुन्याचा डबा होता, कळीचा, न विझवलेला. म्होरक्यानं तो उचलला आणि नाजीला म्हणाला, "तू डोकं धर."

नाजीनं धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. चुना डोळ्यांत चोळेपर्यंत त्यानं ते सोडलं नाही. लफ्ताची किंकाळी मी इथं लिहीत नाही. ते खाली उतरून गेल्यावर मी आणि बर्फवाला वर गेलो. घागरीनं डोळे धुतले, बर्फाच्या हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं. वाटेत तो एवढंच विचारत होता, "पिल्लं, उस्ताद? पिल्लं?" पिल्लं खुराड्यात होती. पोरांनी संध्याकाळी ती मांजरांना घातली.

नाजी मात्र सुटला नाही. डोकं धरलं एवढ्यानं त्याची परीक्षा संपली नव्हती. ते पुन्हा दुकानात आले आणि तुपाचा डबा मागितला. मग ते टायमर कसे लावायचे, तेही विचारलं. न सांगणारा माणूस कालव्यात सापडतो, हे त्याला माहीत होतं. हिवाळ्यापर्यंत आमच्या भागात जेवढे स्फोट झाले, त्यातल्या निम्म्यांत नाजीनं साफ केलेले टायमर होते. त्या खबऱ्यानं परक्यांना सांगितलेली थाप अशी चार महिन्यांत खरी झाली. एका स्फोटात बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या अकराजणी मेल्या. परके त्या दिवशी त्या रस्त्यानं गेलेच नव्हते. नाजीला मात्र पुन्हा कुणी धरायला आलं नाही. त्यांच्या दप्तरी तो निर्दोष होता.

परके गेले, टोळी गेली, दुसऱ्या आल्या आणि त्याही गेल्या. नाजी गल्लीतच आहे, हाजी झाला आहे, अबू निझारनंतर मुख्तार तोच झाला. सुआद त्या उन्हाळ्यानंतर घराबाहेर पडलेली मी पाहिली नाही; तीन वर्षांपूर्वी गेली. चहाच्या दुकानात नव्या पोरांना अजून सांगतात की आपल्या गल्लीत एक हेर होता, पाखरांच्या पायात यंत्रं बांधायचा.

मी वर्षातून एकदा कूतला जातो. मागच्या खेपेला लफ्तानं विचारलं, "नाजीची तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे." तो म्हणाला, "उन्हाळ्याचं जपायला सांगा."

तो नसीमाच्या घरी राहतो. डावा डोळा गेला आहे, उजव्याला दिवस आणि रात्र एवढं कळतं. ओसरीवर बसून, हातानं चाचपून, तो रॉकेलचे स्टो दुरुस्त करतो.